ताजमहाल: तीन तासांचं तिकीट आणि त्यात नेमकं काय पाहायचं

निकाल आधीच सांगून टाकलेला बरा. इमारत म्हणून ताजमहालाला पैकीच्या पैकी. दाखवण्याच्या व्यवस्थेला निम्म्याच्या जरा वर. आणि ५० रुपयांच्या प्रवेशावर मुख्य मकबऱ्याचे जे २०० रुपये जास्त घेतात ते द्यावेतच. फक्त ते कशाचे आहेत हे नीट समजून द्यावेत. आतलं कबरीचं दालन बघायला म्हणून ते भरणारा माणूस बऱ्याचदा हिरमुसून बाहेर येतो, कारण तिथे अंधार असतो, गर्दी असते आणि थांबू देत नाहीत. ते पैसे संगमरवरी चौथऱ्यावर चढायचे आहेत. हातभर अंतरावर असलेल्या बाहेरच्या भिंतींपुढे ते पुरेपूर वसूल होतात.

तिकीट तीन तासांचं असतं. बहुतेक लोक त्यातला पहिला तास मोठ्या दरवाजाखाली आणि पाण्याच्या कडेला फोटोंत घालवतात, दुसरा रांगेत, आणि पूर्व-पश्चिमेच्या दोन लाल इमारतींकडे न फिरकताच परततात. या तीन तासांची वाटणी कशी करावी, हा या परीक्षणाचा मुख्य भाग.

तिकिटाचं आधी उरकू. पुरातत्त्व खात्याच्या संकेतस्थळावर ते घरबसल्या निघतं आणि खिडकीची रांग वाचते. भारतीय प्रौढांना ५० रुपये, परदेशी पाहुण्यांना ११००, सार्क आणि बिमस्टेक देशांच्या नागरिकांना ५४०. मुख्य मकबऱ्याचे २०० सगळ्यांना वेगळे. १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. दर बदलत राहतात, तेव्हा निघण्याआधी एकदा तपासावेत. नेहमीची चूक अशी होते की ऑनलाइन काढताना मकबऱ्याचा पर्याय निवडायचा राहतो आणि ते चौथऱ्याच्या पायऱ्यांशी अडवल्यावर कळतं. शुक्रवारी ताज पर्यटकांना बंद असतो, आणि दरवर्षी कित्येक जण गुरुवार-शुक्रवारची आग्रा सहल आखून फसतात. उघडायची वेळ सूर्योदयाआधी अर्धा तास, बंद व्हायची सूर्यास्ताआधी अर्धा तास. म्हणजे आवारात उभं राहून सूर्यास्त बघण्याची आशा धरू नये.

प्रवेश पूर्व आणि पश्चिम दरवाजांतून आहे. गावातून किंवा किल्ल्याकडून येणाऱ्यांना पश्चिम सोयीचा, शिल्पग्रामच्या वाहनतळावर गाडी लावणाऱ्यांना पूर्व. ताजपासून ५०० मीटरच्या आत पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांना बंदी असल्यामुळे शेवटचा टप्पा बॅटरीच्या गाडीने किंवा पायी. तपासणीच्या रांगा बायकांच्या आणि पुरुषांच्या वेगळ्या असतात. घरातल्या सगळ्यांचे फोन, तिकिटं एकाच पिशवीत ठेवली की खोळंबा ठरलेला. खाण्याचे पदार्थ, तंबाखू, काडेपेटी, तिवई, ड्रोन यांतलं काही आत नेता येत नाही. मोठी सॅक तर सरळ मुक्कामीच ठेवावी.

हंगामाबद्दल एक स्पष्ट सल्ला. डिसेंबरच्या उत्तरार्धात आणि जानेवारीत पहाटेचं तिकीट काढू नका. यमुनाकाठचं धुकं कधी कधी दहा-अकरापर्यंत घुमट दिसू देत नाही, आणि तुमचे तीन तास मात्र प्रवेशापासून मोजले जातात. ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि फेब्रुवारी-मार्च हे महिने उत्तम. मकबऱ्याचा दर्शनी भाग दक्षिणेकडे आहे. त्यामुळे थंडीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असताना समोरच्या भिंतीवर दिवसभर तिरपं ऊन राहतं आणि कोरीव काम उठून दिसतं. मे-जूनमध्ये दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. भिंत नुसती पांढरीफेक दिसते, उठाव हरवतो, आणि लाल दगडाची फरशी पाय भाजते ते वेगळंच.

इतिहास थोडक्यात, पण नीट. मुमताज महल, म्हणजे अर्जुमंद बानू बेगम, १७ जून १६३१ रोजी चौदाव्या बाळंतपणात गेली, ती बुऱ्हाणपुरात. जळगाव-रावेरकडच्यांना हे गाव उंबऱ्याशीच आहे. तापीपलीकडच्या झैनाबादच्या बागेत तिला तात्पुरतं पुरलं, वर्षाअखेरीस देह आग्र्याला नेला आणि १६३२ च्या सुरुवातीला बांधकाम लागलं. जागा आमेरच्या राजा जयसिंहाची होती. तिच्या मोबदल्यात त्याला आग्र्यातल्या चार हवेल्या दिल्या. संगमरवर मकराण्याचा, म्हणजे जयसिंहाच्याच भागातून आलेला, आणि गाड्या वेळेवर पाठव म्हणून शाहजहानने त्याला धाडलेली फर्मानं आजही उपलब्ध आहेत. १६४३ मध्ये बाराव्या उरुसापर्यंत मुख्य मकबरा उभा राहिला होता. भोवतालची कामं पुढे बरीच वर्षं चालली. दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी खर्चाचा आकडा ५० लाख रुपये देतो. देखभालीसाठी तीस गावांचा महसूल आणि बाजार-सरायांचं उत्पन्न लावून दिलं होतं. ताजगंज म्हणून आज जी दाट वस्ती आहे ती त्याच बाजार-सरायांच्या जागेवर. वास्तुकार उस्ताद अहमद लाहोरी. देखरेख मकरमत खान आणि मीर अब्दुल करीम यांची.

आता घड्याळ लावू. पहिली वीस-पंचवीस मिनिटं मोठ्या दरवाजाला द्यावीत, पण आतल्या दृश्यासाठी घाई न करता. बाहेरच्या अंगणात उभं राहून दरवाजाच्या कमानीभोवतीची काळी अक्षरं पाहावीत. पांढऱ्या संगमरवरात काळा संगमरवर बसवून लिहिलेला हा कुराणातला फज्र नावाचा अध्याय आहे, आणि त्याचा शेवट पुण्यवान आत्म्याला स्वर्गाच्या बागेत यायच्या आमंत्रणाने होतो. मजकुराची जागा विचारपूर्वक निवडलेली आहे: वाक्य संपतं आणि पुढे खरोखरच बाग सुरू होते. वर जाताना अक्षरं मोठी आणि दाट होत जातात, म्हणून खालून सगळ्या ओळी सारख्याच आकाराच्या वाटतात. हे काम अमानत खान शिराझीचं. सिकंदऱ्याच्या अकबराच्या कबरीवरची अक्षरंही त्याचीच. ताजच्या सगळ्या कारागिरांत आपलं नाव इमारतीवर कोरण्याचा मान फक्त त्याला मिळाला. आत १०४८ हिजरी, म्हणजे १६३८-३९ सालासह त्याची सही आहे. दरवाजाच्या माथ्यावर पुढे अकरा आणि मागे अकरा छोट्या छत्र्या आहेत. त्या मिळून बावीस वर्षांची खूण, असं सांगितलं जातं. हे मनावर घेऊ नये. बावीस वर्षं आणि वीस हजार मजूर हे दोन्ही आकडे फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्नियेच्या प्रवासवर्णनातून आलेले आहेत.

बागेत फार वेळ देऊ नका. सुमारे ३०० मीटर बाजूचा हा चौरस चारबागेच्या, म्हणजे चार सारख्या भागांच्या, पद्धतीने विभागलेला आहे, पण आजची मोकळी हिरवळ ब्रिटिश काळातली आहे. मुघल बाग फळझाडांनी आणि फुलांनी दाट होती. बघण्यासारखी गोष्ट फरशीखाली दडलेली आहे. कारंज्यांच्या प्रत्येक तोटीखाली तांब्याचं एकेक भांडं आहे. पाणी आधी भांड्यांत भरतं आणि मग वर उसळतं, त्यामुळे पहिल्या कारंज्यापासून शेवटच्यापर्यंत दाब सारखा राहतो. मधल्या संगमरवरी हौदाशी एक-दोन फोटो काढून पुढे निघावं. इथे थांबलात तर चौथऱ्यावरची वेळ कमी होते.

पायऱ्यांशी बुटांवर आवरणं चढवावी लागतात. ती तिकिटाच्या वेळीच घेऊन ठेवावीत, आणि घालताना टाच नीट झाकली आहे ना ते बघावं. गुळगुळीत संगमरवरावर अर्धवट घातलेलं आवरण घसरतं.

चौथरा सुमारे ९५ मीटर बाजूचा, पाच-सहा मीटर उंच. त्यावरचा मकबरा सुमारे ५७ मीटर बाजूचा, कोपरे छाटलेला. कळसासह जमिनीपासून उंची साधारण ७३ मीटर. चारही मिनार किंचित बाहेर झुकलेले आहेत. कोसळायची वेळ आलीच तर ते घुमटावर न येता बाहेर पडावेत, हे त्यामागचं कारण सांगतात. शिवाय अगदी सरळ उभे केलेले उंच मिनार खालून पाहणाऱ्याला आत कलल्यासारखे वाटतात, तेही या झुकावाने सावरतं. मिनारांवर जायला बंदी आहे. एवढं वजन नदीकाठच्या भुसभुशीत जमिनीवर उभं राहिलं कसं, याचं उत्तर पायात आहे: ओळीने विहिरी खणून त्या दगड-चुन्याने भरल्या आणि त्यांच्यावर बांधकाम चढवलं. भिंतींचा गाभा विटांचा आहे. आपण बघतो तो संगमरवर म्हणजे बाहेरून बसवलेल्या जाड लाद्या, आणि त्या जागच्या जागी धरून ठेवायला लोखंडी आकडे वापरलेले आहेत. पुढे दुरुस्त्यांच्या संदर्भात हे आकडे पुन्हा येतील.

आत जायच्या रांगेत शिरण्याआधी किमान चाळीस मिनिटं बाहेरच्या भिंतींना द्या. सुरुवात जमिनीलगतच्या पट्ट्यापासून करा. साधारण छातीएवढ्या उंचीपर्यंत संगमरवरातच उठावात कोरलेली फुलझाडं आहेत: ट्युलिप, आयरिस, लिली, आणि कुठल्याही एका जातीत न बसणारी काही. इथे रंग नाही. पाकळीची कड किती वळली आहे, देठ कुठे वाकला आहे, कळी कुठल्या बाजूला कलली आहे हे फक्त सावलीने दिसतं. म्हणूनच तिरप्या उन्हाची वेळ महत्त्वाची. दक्षिण भिंतीच्या पश्चिमेकडच्या तिरक्या कोपऱ्यावर दुपारी तीननंतर, आणि पूर्वेकडच्या कोपऱ्यावर सकाळी लवकर, हे काम सर्वांत छान वाचता येतं.

त्याभोवतीच्या चौकटीत रंगीत दगडांची पच्चीकारी, म्हणजे संगमरवरात तुकडे जडवलेलं काम, आहे. एक फूल निवडा आणि त्यावर दोन मिनिटं नजर ठेवा. लाल पाकळी अकीकाची, निळा लाजवर्द, हिरवा जेड. खंबातचा अकीक, बदख्शानचा लाजवर्द, तिबेटकडचा फिरोजा, असा तो माल लांबून लांबून आलेला आहे. एकाच पाकळीत फिक्याकडून गडद लालकडे जाणारी छटा दिसली तर समजावं की कारागिराने दगडातला नैसर्गिक रंगबदल हेरून नेमका तेवढाच तुकडा काढला आहे. दगड आणि संगमरवर यांच्यामधला सांधा डोळ्याला जेमतेम केसाएवढा दिसतो. हात लावू नका. तळहाताचा घाम आणि तेल सच्छिद्र संगमरवरात मुरतं. आतली जाळी आणि दाराच्या कडा जिथे वर्षानुवर्षं हात लागत आले, तिथे पिवळट-तपकिरी झाक आलेली साध्या डोळ्यांना दिसते.

मग चार पावलं मागे येऊन मोठ्या कमानीच्या कडेचे भिंतीत अर्धे मुरलेले खांब पाहा. त्यांवर नागमोडी पट्ट्या जडवलेल्या आहेत. या पट्ट्यांमुळे खांबाला प्रत्यक्षात आहेत त्यापेक्षा जास्त कंगोरे असल्याचा भास होतो. बाजूने चालत गेलात की भास मोडतो. कमानीभोवतीचा मजकूर यासीन अध्यायाचा आहे आणि तो चारही दिशांच्या कमानींवर मिळून पुरा होतो. म्हणून मकबऱ्याला पूर्ण फेरी मारावी.

आतलं दालन. इथे अपेक्षा ठेवताना हात आखडता घ्यावा. आराखडा हश्त-बिहिश्त पद्धतीचा, म्हणजे मधे अष्टकोनी दालन आणि भोवती आठ खोल्या, दोन मजल्यांवर. पाहणाऱ्याला मात्र ठरलेल्या मार्गाने जाळीभोवती फिरवून बाहेर काढलं जातं. फोटोला बंदी आहे, आणि ती पाळावी. डोक्यावरचं छत साधारण २४ मीटरवर आहे, आणि बाहेरून दिसणारा घुमट त्याच्या पुष्कळ वर. दोन घुमटांच्या मधे बंद पोकळी आहे. बाहेरून भारदस्त उंची हवी आणि आत माणसाच्या बेताचं दालन हवं, या दोन्ही गोष्टी साधायला केलेली ही युक्ती. आवाज इथे फार वेळ घुमतो, त्यामुळे गर्दीत कुणाचंच बोलणं कळत नाही. मार्गदर्शकाकडून आतली माहिती बाहेरच ऐकून घ्यावी.

आत बघायच्या गोष्टी तीन. पहिली, जाळी. आधी इथे सोन्याचा कठडा होता. १६४३ मध्ये तो काढून सध्याची संगमरवरी अष्टकोनी जाळी बसवली. दुसरी, कबरींची मांडणी. मुमताजची कबर बरोबर मध्यावर, आणि शाहजहानची, १६६६ मध्ये त्याच्या मृत्यूनंतर आलेली, तिच्या पश्चिमेला, जरा मोठी आणि उंच. सगळ्या इमारतीत डाव्या-उजव्याचा तोल मोडतो तो फक्त इथे. त्याच्या कबरीवर कोरलेलं कलमदान दिसतं का ते पाहा. तिसरी गोष्ट, वरचा कैरोत बनवलेला दिवा. तो लॉर्ड कर्झनने दिलेला. या वरच्या कबरी खुणेच्या आहेत. खऱ्या कबरी बरोबर खाली तळघरात आहेत आणि तिथे एरवी जाता येत नाही. शाहजहानच्या उरुसाचे तीन दिवस, रज्जब महिन्याच्या २५ ते २७ तारखेला, तळघर उघडतात आणि प्रवेशही मोफत असतो. गर्दी मात्र प्रचंड. कबरीचं दर्शन हाच हेतू असेल तर त्या दिवसांत जावं. वास्तू निवांत बघायची असेल तर ते दिवस टाळावेत.

उरलेला तासभर नदीच्या बाजूला आणि दोन लाल इमारतींत घालवा. पश्चिमेला मशीद, पूर्वेला तिचं हुबेहूब जोडबिंब म्हणून बांधलेला मेहमानखाना. फरक जमिनीवर आणि भिंतीत आहे. मशिदीच्या फरशीवर ५६९ नमाजींच्या जागा काळ्या रेषांनी आखलेल्या आहेत आणि पश्चिम भिंतीत मिहराब, म्हणजे नमाजाची दिशा दाखवणारा कोनाडा, आहे. मेहमानखान्यात या दोन्ही गोष्टी नाहीत. मेहमानखान्यासमोरच्या फरशीवर ताजच्या कळसाची पूर्ण आकाराची आकृती काळ्या दगडात जडवलेली आहे, नऊ-साडेनऊ मीटर लांब. मुलांना तिच्या एका टोकाला उभं करा आणि मग वर घुमटाकडे बघायला सांगा. उंचीचा अंदाज इतका चटकन दुसऱ्या कशाने येत नाही. मूळ कळस सोन्याचा होता, आताचा सोन्याचा मुलामा दिलेल्या काशाचा आहे. आणि मेहमानखान्याच्या कमानीतून दिसणारं मकबऱ्याचं दृश्य हे माझ्या मते आवारातलं सर्वांत चांगलं. सगळ्यांच्या फोटोत येणाऱ्या समोरच्या दृश्यात इमारत सपाट वाटते. इथून घुमट, छत्री आणि मिनार एकामागे एक येतात आणि त्यांची खरी खोली कळते.

नदीकडच्या कठड्याशी जाऊन उत्तर भिंत जरूर पाहा, कारण ताजची दुखणी इथेच उघडी पडतात. यमुना पूर्वी चौथऱ्याच्या पायाला लागून वाहायची. बादशहा किल्ल्यातून नावेने यायचा. आता पात्र आटलेलं आणि मैलं असतं. साचलेल्या घाण पाण्यातल्या शेवाळावर गोल्डीकायरोनोमस नावाचे बारीक किडे वाढतात, संध्याकाळी पांढऱ्या भिंतीकडे झेपावतात आणि त्यांच्या विष्ठेचे हिरवट-काळे डाग पडतात. ते पाण्याने निघतात, पण दर धुण्यात नाजूक कामावर थोडी झीज होतेच. उपाय नदीत आहे, भिंतीवर नाही.

पिवळेपणाचं कारण वेगळं: धूळ आणि जळणाची काजळी. त्यावर मुलतानी मातीचा लेप देतात. १९९४ पासून हा उपचार टप्प्याटप्प्याने झाला आहे. ओला लेप जाडसर थापायचा, वरून प्लॅस्टिक लावायचं, वाळू द्यायचा, सुकताना तो मळ ओढून घेतो, मग मऊ ब्रशने काढून शुद्ध पाण्याने धुवायचं. मिनार आणि भिंती यांना हे सोपं जातं. घुमटाला नाही, कारण त्याच्या फुगवट्यावर परांची टेकवायची कशाला हाच मोठा प्रश्न. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३० डिसेंबर १९९६ रोजी निकाल देऊन ताजभोवतीच्या सुमारे १०,४०० चौरस किलोमीटर पट्ट्यातल्या उद्योगांचा दगडी कोळसा बंद करायला लावला. गंधकाच्या धुराने होणारी आम्लाची झीज त्यामुळे आटोक्यात आली. वाहनं, कचरा जाळणं आणि उडती धूळ हा भाग अजून उरलाच आहे.

आणि ते लोखंडी आकडे. पाणी मुरलं की लोखंड गंजतं, गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो, आणि संगमरवर आतून तडकतो. लादीच्या कडेला तांबूस ओघळ किंवा कोपऱ्याचा उडालेला टवका दिसला तर बहुधा हेच कारण. दुरुस्तीत असे आकडे काढून न गंजणाऱ्या धातूचे बसवतात.

गळतीची गोष्ट तर जवळजवळ इमारतीइतकीच जुनी. १६५२ मध्ये दख्खनला निघालेल्या औरंगजेबाने वाटेत ताज पाहिला आणि शाहजहानला पत्र लिहिलं: पावसात मोठा घुमट उत्तरेकडे दोन ठिकाणी गळतो, कमानी आणि छोटे घुमटही ओले होतात, नदीपलीकडची मेहताब बाग पुरात बुडाली आहे. वरच्या मजल्याचं छत उकलून नव्याने चुना-काँक्रीट घातलं तर बाकीची गळती थांबेल, पण मोठ्या घुमटाला काय करावं ते सुचत नाही, असं मिस्त्र्यांचं म्हणणंही त्यात नोंदवलं आहे. सप्टेंबर २०२४ च्या संततधारेत मुख्य घुमटातून पुन्हा पाणी झिरपल्याचं दिसलं, आणि जुलै २०२३ च्या पुरात यमुना ताजच्या बाहेरच्या भिंतीपर्यंत आली. या सगळ्याची दोन ओळींची माहितीही आवारात जागेवर लावलेली नाही, ही माझी मोठी तक्रार आहे. अडीचशे रुपये देणाऱ्या माणसाला भिंतीवरचा डाग कशाचा आहे आणि परांची कशासाठी लागली आहे हे कळायला हवं.

मार्गदर्शकांबद्दल. परवानाधारकाचं ओळखपत्र बघूनच ठरवावं, आणि रक्कम, भाषा, वेळ दरवाजाबाहेरच स्पष्ट करून घ्यावी. चांगला मार्गदर्शक ओळखायची सोपी पद्धत आहे. कारागिरांचे हात तोडले का, आणि नदीपलीकडे काळा ताज होणार होता का, हे दोन प्रश्न विचारा. हात तोडल्याला कुठलाही पुरावा नाही. पलीकडच्या तीरावर शाहजहानने स्वतःची कबर सुरू केली होती, हे ताव्हर्नियेने लिहून ठेवलं आणि त्यातून काळ्या ताजची दंतकथा वाढली. मेहताब बागेतल्या उत्खननात सापडली ती बाग आणि अष्टकोनी हौद, दुसऱ्या मकबऱ्याचा पाया नाही. दोन्ही गोष्टी रंगवून सांगणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणावं. कोपऱ्यावरच्या दगडावर विजेरी धरून अकीक चमकवून दाखवणाऱ्यालाही बाहेर दुकानात नेण्याचीच घाई असते, हा सार्वत्रिक अनुभव.

पौर्णिमेच्या रात्रीचं दर्शन: पौर्णिमा, तिच्या आधीच्या दोन आणि नंतरच्या दोन अशा पाच रात्री, शुक्रवार आणि रमजान वगळून. साडेआठ ते साडेबारा, ५० जणांच्या आठ तुकड्या, प्रत्येकीला अर्धा तास. भारतीय प्रौढाला ५१० रुपये, आणि तिकीट आदल्या दिवशी काढावं लागतं. पाहायचं ते मोठ्या दरवाजाजवळच्या लाल ओट्यावरून, म्हणजे सुमारे ३०० मीटरवरून; बागेत उतरता येत नाही. पहिल्यांदा जाणाऱ्याने याच्यावर पैसे घालवू नयेत. दुसऱ्यांदा जात असाल तर अकराच्या नंतरची तुकडी मागा. तोवर चंद्र दक्षिणेकडे वर आलेला असतो आणि समोरची भिंत उजळते. साडेआठला तो पूर्वेला खाली असतो आणि इमारतीची फक्त उजवी बाजू दिसते. पौर्णिमेनंतरच्या दोन रात्री पहिल्या तुकड्यांना चंद्र जेमतेम वर आलेला मिळतो.

आदल्या दिवशी वेळ असेल तर इतिमाद-उद-दौलाचा मकबरा आधी पाहा. मुमताजच्या आजोबांसाठी नूरजहानने १६२२ ते १६२८ मध्ये बांधलेली ही छोटी वास्तू आहे, पूर्ण संगमरवरी, आणि जडावकाम इथे भिंतभर पसरलेलं. ते पाहून ताजला गेलात की ताजमध्ये सजावट किती जाणूनबुजून आवरली आहे हे लगेच कळतं. मेहताब बाग संध्याकाळी ठीक. तिथून ताजची उत्तर बाजू दिसते आणि थंडीत ती दिवसभर सावलीत असते. फोटोत आकृती येते, तपशील येत नाही.

आपल्याकडच्या वाचकांना बीबी का मकबऱ्याशी तुलना सुचतेच. तोही जरूर बघावा, पण ताजची गरीब नक्कल म्हणून नव्हे. दिलरस बानू बेगमच्या या मकबऱ्याचा वास्तुकार अताउल्ला हा अहमद लाहोरीचाच मुलगा. संगमरवर तिथे खालच्या पट्ट्याला आणि घुमटाला. बाकी दगडावर घोटलेला गुळगुळीत गिलावा. खर्च ६,६८,२०३ रुपये असा नोंदलेला आहे. उभारणी अरुंद आणि मिनार अंगालगत असल्यामुळे तो उभट वाटतो. एका बाबतीत मात्र तो ताजच्या पुढे आहे: खरी कबर वरच्या सज्जातून खाली वाकून थेट दिसते.

शेवटी खरेदी, कारण फसगत तिथे सर्वांत जास्त. आग्र्यात पच्चीकारीचं खरं काम आजही होतं. संगमरवरावर रंगाचा हात फिरवून नक्षी आखतात, दगडाचे तुकडे कुरुंदाच्या चाकावर हाताने घासून आकाराला आणतात, खाचा छिन्नीने खोदतात, तुकडे बसवून घोटतात. सामान्य ग्राहकाला मात्र गोराऱ्याचा, म्हणजे मऊ दगडाचा, किंवा ॲलाबास्टरचा माल संगमरवर म्हणून खपवला जातो. विजेरीचा प्रकाश आरपार दिसला की खरा, असं दुकानदार सांगतो. पण ॲलाबास्टरमधूनही प्रकाश जातोच. वस्तूच्या तळाला, न दिसणाऱ्या जागी, नखाने जोर देऊन ओरखडा काढा. गोरारा आणि ॲलाबास्टर दोन्हींवर नख उमटतं, संगमरवरावर नाही. जडवलेल्या तुकड्यांवरून बोट फिरवा: रंग भरलेला असेल तर कडा किंचित फुगीर किंवा खोलगट लागते, दगड असेल तर पातळी एकसारखी. सगळ्या पाकळ्यांचा रंग तंतोतंत एकच असेल तर तो दगड नाही. घरी आणलेलं ताट लिंबू, चिंच किंवा व्हिनेगरने घासू नका. आम्ल संगमरवराची चकाकी एका वेळेतच मारतं. हळद सांडली तर ताबडतोब साध्या पाण्याने धुवा आणि पुसून कोरडं ठेवा.